स्नॉर्केलिंग म्हणजे काय? मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी या गोष्टी माहिती हव्यात

चेंबूरला समुद्र तसा लांब नाही. माहुलच्या बाजूला गेलं की खाडी लागते. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. पण त्या पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत.

त्यामुळे मोबाईलवर मालवण-तारकर्लीचे व्हीडिओ दिसतात, तेव्हा हाही तोच अरबी समुद्र आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. काचेसारखं पाणी, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, तोंडात नळी धरून तरंगणारी माणसं. व्हीडिओ तीस सेकंदांचा असतो. त्यात पाण्याला ओढ किती होती, बोटीत लाईफ जॅकेट किती होती, ज्याने व्हीडिओ टाकला त्याला पोहता येत होतं का, यातलं काहीच दिसत नाही.

दरवर्षी सुट्ट्यांमध्ये मुंबईतून हजारो लोक सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जातात आणि त्यातले बरेच जण आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात तोंड बुडवतात. ही मजा सुरक्षितपणे घेता येते. पण त्यासाठी काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात.

स्नॉर्केलिंग आणि स्कूबात फरक काय?

स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्याच्या पृष्ठभागावरच राहतो. डोळे आणि नाक झाकणारा मास्क लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची आणि पालथं तरंगत खाली बघायचं. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वर असतं, त्यामुळे श्वास बाहेरच्या हवेचाच घेतला जातो. या नळीला स्नॉर्केल म्हणतात.

स्कूबात पाठीवर दाबाखाली भरलेल्या हवेचं सिलिंडर असतं आणि माणूस पाण्याखाली जातो. त्याला प्रशिक्षण लागतं. पर्यटकांसाठी 'एकदा करून बघा' या प्रकारचा छोटा स्कूबा असतो, त्यात प्रशिक्षक सोबत राहून थोड्या खोलीपर्यंत नेतो. किनाऱ्यावर अनेकदा दोन्ही गोष्टी एकाच पॅकेजमध्ये विकल्या जातात. पैसे देण्याआधी नेमकं काय मिळणार आहे, किती वेळ आणि किती खोलीवर, हे विचारून घेणं चांगलं.

एक महत्त्वाचा फरक परतीच्या प्रवासाचाही आहे. स्नॉर्केलिंगनंतर विमानाने प्रवास करायला अडचण नसते. स्कूबात मात्र दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. त्यामुळे एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण नियम आहे.

नळी इतकी आखूड का असते?

पहिल्यांदा स्नॉर्केल हातात घेणाऱ्याला हा प्रश्न हमखास पडतो. नळी लांब केली तर आणखी खाली जाता येईल, असं वाटतं. पण तसं होत नाही, याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पाण्याचा दाब. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका वाढतो. म्हणजे फक्त एक मीटर खाली गेलं तरी छातीवर बाहेरच्या हवेपेक्षा दहा टक्के जास्त दाब पडतो. वरची हवा मात्र साध्याच दाबाची असते. इतक्या फरकाविरुद्ध छाती फुगवणं श्वासाच्या स्नायूंना फार वेळ जमत नाही.

दुसरं कारण म्हणजे शिळी हवा. शांत बसलेला प्रौढ माणूस एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. सोडलेल्या श्वासातली थोडी हवा नळीत अडकते आणि पुढच्या श्वासात तीच परत आत जाते. नेहमीच्या नळीतही अशी दीडशे-दोनशे मिलिलिटर हवा मावते. नळी लांब किंवा रुंद केली तर कार्बन डायऑक्साइडने भरलेली हीच हवा पुन्हा पुन्हा घेतली जाईल. म्हणून स्नॉर्केलिंग करताना उथळ, भरभर श्वास घेऊ नये. श्वास सावकाश आणि खोल हवा.

पाण्याखाली मासे जवळ आणि मोठे का दिसतात, याचंही कारण साधं आहे. पाण्यातून मास्कमधल्या हवेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी आणि एक चतुर्थांशाने जवळ वाटते. हात लांब केला आणि मासा हाताला लागला नाही तर त्यात नवल नाही.

मुंबईचं पाणी गढूळ, मग मालवणचं स्वच्छ कसं?

फक्त कचरा हे त्याचं कारण नाही. मुंबईभोवती खाड्या आहेत आणि त्यातून सतत गाळ येतो. शिवाय मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. इतकं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, तेव्हा तळाचा चिखल सतत ढवळला जातो. किनाऱ्याने दक्षिणेला सरकत गेलं की हा फरक कमी होत जातो. मालवणजवळ खडकाळ तळ आणि वाळू आहे. पाऊस संपून नद्यांचा गाळ बसला की पाणी निवळतं.

पण मुंबईच्या समुद्रात प्रवाळ अजिबात नाहीत, असंही नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आढळले आहेत. कोस्टल रोडचं काम सुरू असताना, २०२० मध्ये, तिथल्या काही प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवण्यात आल्या होत्या. ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं.

मालवणमध्ये बघण्यासारखं काय आहे?

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधून घेतला. किल्ल्याच्या आसपास पाण्यात खडकांची रांग आहे. शत्रूच्या जहाजांना अडवणारे हेच खडक आज प्रवाळांचं घर आहेत. इथल्या २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आलं. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य.

इथले प्रवाळ अंदमानसारखे फांद्या-फांद्यांचे, रंगीबेरंगी नसतात. बरेचसे खडकाला चिकटून वाढणारे, गोलसर, तपकिरी-हिरवट दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते साधे दगडच वाटतात आणि त्यातूनच पाय ठेवण्याची चूक होते. त्यांच्या आजूबाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, गोब्रा, समुद्रकाकड्या आणि काटेरी सी अर्चिन दिसतात.

रंग व्हीडिओइतके भडक दिसले नाहीत, तर त्यात फसवणूक झाली असं नाही. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. चार-पाच मीटर खोलीवरच लाल वस्तू करड्या दिसू लागतात. व्हीडिओत ते रंग दिवा लावून किंवा एडिटिंग करून परत आणलेले असतात.

कधी जावं?

ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यातही नोव्हेंबर ते मार्च या काळात पाणी सहसा जास्त शांत आणि निवळ असतं. मुलांच्या परीक्षांमुळे मुंबईकर मे महिन्यात गर्दी करतात. पण मेच्या उत्तरार्धात वारा फिरतो आणि समुद्र खवळायला लागतो. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार आणि प्रवासी होड्या बंद ठेवल्या जातात. या काळात कुणी 'आपल्या ओळखीने' पाण्यात नेत असेल, तर नाही म्हणावं.

दिवस ठरवताना पंचांग किंवा कॅलेंडर बघितलं तरी उपयोग होतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची हालचाल कमी असते. कोळी मंडळी हा हिशेब पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. दिवसातली वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उठतात आणि पाणी ढवळलं जातं.

चेंबूरहून कसं जायचं?

टिळकनगर स्टेशनला लागूनच लोकमान्य टिळक टर्मिनस आहे. कोकण रेल्वेच्या अनेक गाड्या तिथून सुटतात. काही गाड्या सीएसएमटी आणि दादरहून सुटून पनवेलला थांबतात. चेंबूरहून पनवेलला हार्बरची लोकल थेट जाते. मालवणसाठी कुडाळला उतरणं सोयीचं. तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि त्यापुढे कर्ली नदीच्या मुखाशी देवबाग. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे.

रात्रभर प्रवास करून सकाळी उतरायचं आणि तासाभरात पाण्यात, असा बेत अनेक जण करतात. तो टाळावा. झोप न झालेलं, नीट पाणी न प्यायलेलं शरीर समुद्रात लवकर थकतं. पहिला दिवस आराम, दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र, हा क्रम बरा.

तयारी चेंबूरमध्येच करता येते

स्नॉर्केलिंगचा खरा अडथळा पोहण्याचा नसतो, तर तोंडाने श्वास घेण्याचा असतो. नाक बंद, चेहरा पाण्यात आणि श्वास तोंडाने, हे मेंदूला सुरुवातीला पटत नाही. छाती धडधडते, माणूस नळी तोंडातून काढतो आणि नेमकं तेव्हाच पाणी तोंडात जातं.

ही सवय छातीइतक्या पाण्यात दोन-तीन दिवसांत होते. चेंबूरमध्ये महापालिकेचा जनरल अरुणकुमार वैद्य जलतरण तलाव आहे. तिथे किंवा जवळच्या कुठल्याही तलावात, प्रशिक्षकाची परवानगी घेऊन, उथळ बाजूला तीन गोष्टींचा सराव करावा.

एक, चेहरा पाण्यात ठेवून पाच मिनिटं शांत श्वास घेणं.
दोन, नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकर मारून ते बाहेर काढणं.
तीन, घाबरल्यासारखं वाटलं की उताणं होऊन तरंगणं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जो माणूस पाठीवर शांत तरंगू शकतो, त्याला मदत येईपर्यंतचा वेळ मिळतो.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. मिशी असेल किंवा मास्कच्या कडेखाली केस आले तर पाणी झिरपतं. तलावातले पोहण्याचे गॉगल इथे चालत नाहीत. त्यात नाक बाहेर राहतं आणि थोडं खाली गेलं तरी डोळ्यांवर दाब येतो. भाड्याने घेतलेली नळी तोंडात धरण्याआधी स्वच्छ धुतली आहे ना, हे विचारण्यात संकोच नको.

धोका नेमका कुठे असतो?

पाण्यात बुडणारा माणूस ओरडतो, हात मारतो, असं सिनेमात दिसतं. प्रत्यक्षात बुडणं बहुतेक वेळा आवाज न होता घडतं. स्नॉर्केलिंगमध्ये तर आणखी एक अडचण आहे. इथे पालथं, हालचाल न करता तरंगणं हीच नेहमीची अवस्था असते. त्यामुळे मासे बघणारा माणूस आणि शुद्ध हरपलेला माणूस लांबून सारखेच दिसतात.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडण्याच्या घटनांमध्ये स्नॉर्केलिंग आघाडीवर आहे. तिथे झालेल्या एका अभ्यासातून एक वेगळी गोष्ट पुढे आली. काही घटनांमध्ये नाका-तोंडात पाणी जाणं हे मूळ कारण नसावं. पाण्यात शिरल्यावर शरीरातलं रक्त छातीकडे सरकतं. त्यात अरुंद नळीतून हवा जोर लावून ओढावी लागली, तर फुप्फुसांत द्रव साचू शकतो आणि शरीरातला ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. हृदयाचा त्रास किंवा उच्च रक्तदाब असलेल्या आणि पाण्यात जास्त दमछाक करणाऱ्या लोकांना याचा धोका अधिक.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. पाण्यात असताना श्रमाच्या मानाने जास्त धाप लागली, अंगातली ताकद गेल्यासारखी वाटली, तर 'थोड्या वेळाने बरं वाटेल' म्हणून थांबू नये. नळी काढावी, उताणं व्हावं, हात हलवून मदत मागावी आणि पाण्याबाहेर यावं. हृदयविकार, दमा, रक्तदाब, फिट येणं असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. किनाऱ्यावरच्या फॉर्मवर 'त्रास नाही' असं लिहून सही केल्याने त्रास जात नाही.

दुसरा धोका चांगलं पोहणाऱ्यांना असतो. जास्त वेळ खाली राहता यावं म्हणून काही जण भराभर दहा-वीस श्वास घेऊन बुडी मारतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची तीव्र इच्छा याच वायूमुळे होते. इशारा मिळत नाही, ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध होतो. रीलसाठी अशा बुड्या मारू नयेत.

मद्य घेऊन पाण्यात उतरू नये, हे वेगळं सांगायला नको. रात्रीचं जागरण आणि सकाळचा हँगओव्हरही त्यातच मोडतो.

जोडीदार आणि खुणा

एकट्याने स्नॉर्केलिंग करू नये. दोघांनी जोडी करावी आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी एकमेकांकडे बघावं. बोलता येत नसल्याने खुणा आधी ठरवाव्यात. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. हात डोक्यावर उंच करून जोरात हलवणं म्हणजे मदत हवी. सोशल मीडियाच्या सवयीने अनेक जण अंगठा वर करून 'मस्त' असं सांगतात. स्कूबाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ 'वर जाऊया' असा होतो. प्रशिक्षक त्यामुळे थेट वर घेऊन येतो.

बोटीत चढण्याआधी काय बघावं?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा वेळ संपला होता, किनारा जवळ होता. म्हणजे धोका फक्त पाण्याखाली नसतो. जाता-येताचा प्रवासही तितकाच महत्त्वाचा.

२०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी अपेक्षित आहे. पर्यटकाने किनाऱ्यावर पाच गोष्टी बघाव्यात.

– नोंदणी आणि बोटीचा परवाना आहे का?
– बोटीची क्षमता किती आणि माणसं किती बसवली आहेत?
– प्रत्येकाला मापाचं लाईफ जॅकेट मिळालं का? लहान मुलांसाठी लहान मापाचं आहे का?
– पाण्यात किती पर्यटकांमागे एक गाईड असेल?
– बोटीत ऑक्सिजन आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का?

जॅकेट अंगात घालून बांधलेलं असावं. मांडीवर ठेवलेलं किंवा बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर उपयोगाचं नसतं. फोटोसाठी ते काढू नये. उत्तरं टाळली गेली तर दुसरा आयोजक बघावा. पैसे दिले असले तरी पाण्यात उतरायला नकार देता येतो.

कुणी बुडालंच तर त्याला उलटं लटकवणं किंवा पोट दाबून पाणी काढणं, हे प्रकार करू नयेत. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करावं आणि १०८ किंवा ११२ वर फोन करावा.

प्रवाळांना हात का लावायचा नाही?

प्रवाळ हा प्राणी आहे. सूक्ष्म जिवांची ती वसाहत असते आणि अनेक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते एखादा सेंटीमीटर वाढतात. एका लाथेने तुटलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं लागतात. समुद्राचं पाणी जास्त तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, आणि तसं मालवणलाही घडलं आहे. पर्यटकांच्या डाइव्हिंगमुळे इथल्या प्रवाळांचं नुकसान होत असल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवलं आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. आठवण म्हणून तुकडा पिशवीत टाकणं हा गुन्हा ठरतो.

फोटोत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं टाकली जातात. त्याने मासे खरोखरच जवळ येतात. पण खडकावरचं शेवाळ खाणं त्यांचं काम आहे. ते सोडून मासे पावावर जगू लागले की शेवाळ वाढतं आणि प्रवाळांचा श्वास कोंडतो. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनसारख्या रसायनांवरही प्रश्न आहेत. हवाईत २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घातला तर पाठ भाजत नाही आणि पाण्यातही काही मिसळत नाही.

जेलीफिशचा स्पर्श झाला तर ती जागा चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जावं.

मालवणच्या पुढे

मालवणला सवय झाल्यावर पुढची ठिकाणंही आहेत. गोव्यात वास्कोजवळचं ग्रँडे बेट आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी ही जवळची. लक्षद्वीपची प्रवाळी सरोवरं उथळ आणि नितळ असल्याने नवशिक्यांना सोयीची, पण तिथे जाण्यासाठी आधी परवाना काढावा लागतो. अंदमानात स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथला एलिफंट बीच आणि वंडूरजवळचं सागरी राष्ट्रीय उद्यान प्रसिद्ध आहेत.

जागा कोणतीही असो, नियम तेच. पाय टेकतील इतक्या पाण्यात सुरुवात, अंगात जॅकेट, शेजारी जोडीदार आणि मनात शंका आली तर परत फिरण्याची तयारी. समुद्र पुढच्या सुट्टीतही तिथेच असतो.